अनुभव धागा: आर्मेनिया, अझरबैजान, जॉर्जिया (तुतीच्या निमित्ताने)

सावली_दुपारची

काल मंडईबाहेर हातगाडीवर तुती दिसल्या. काळ्याभोर, लगदा व्हायच्या बेतात, द्रोणात रचलेल्या. घेतल्या, बोटं जांभळी करून घेतली आणि घरी येईपर्यंत येरेवानची (आर्मेनियाची राजधानी) घरमालकीण आजी काही डोक्यातून जाईना. म्हणून हा धागा.

२०१८ मध्ये नवऱ्याच्या कामामुळे आम्ही आठ महिने तिथे होतो. आजी वरच्या मजल्यावर. आर्मेनियन, पण जन्म अझरबैजानमधल्या बाकूचा. १९९० च्या जानेवारीत आर्मेनियन लोकांविरुद्ध झालेल्या दंगलीत घर टाकून बोटीने कॅस्पियन ओलांडून निघाली, ती फिरत फिरत येरेवानला. रशियन फर्डा, आर्मेनियन मोडकं. इतकी वर्षं झाली तरी शेजारणी तिला 'बाकूवाली'च म्हणायच्या. आम्ही बाकूला जाणार कळल्यावर तिने वहीचं पान फाडून नकाशा काढून दिला. अंगण, जिना, नळ, तुतीचं झाड. म्हणाली, झाडाचा फोटो आण. माणसांचा नको.

आता येरेवानहून बाकू जवळ, पण सीमा बंद. जॉर्जियाला वळसा. तिबिलिसीपर्यंत (जॉर्जियाची राजधानी) मार्श्रुत्का (आपली वडाप!), पुढे रात्रीची रेल्वे. अझरी अधिकाऱ्याने पासपोर्टात आर्मेनियाचा शिक्का बघितला आणि काराबाखला (ज्यावरून दोन्ही देशांची युद्धं झाली तो प्रदेश) गेला होतात का, हे तीनदा विचारलं. बॅग उपसली. नकाशा माझ्या मोज्यात होता.

गल्ली सापडली, नाव बदललेलं. अंगण नव्हतं. चकचकीत इमारत, खाली मोबाइलचं दुकान. अर्धा तास नुसती उभी राहिले. मग दोन गल्ल्या पलीकडे एका अंगणात तुती दिसली, तिचाच फोटो काढून पाठवला. लगेच उत्तर आलं, "डावीकडे नळ होता, काढला का?"

हो, काढला, असं लिहिलं मी.

तुमच्याकडे असतील तिकडचे अनुभव तर लिहा. तुतीला आर्मेनियन आणि अझरी दोघंही 'तूत'च म्हणतात, जॉर्जियन 'तुता'.

खडीसाखर

काय लिहिलंयस गं. कुकर लावून बसले होते, तीनाच्या पाच शिट्ट्या झाल्या.

तिसरा_मजला

मी तिबिलिसीत मेडिकलला आहे, चौथं वर्ष. जॉर्जियनमध्ये 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई. पहिल्या महिन्यात माझ्या मामाचा व्हिडिओ कॉल आला, घरमालकीण विचारते कोण? म्हटलं मामा. तिने केस नीट केले, स्क्रीनमध्ये डोकावून वडिलांना म्हणून भरभरून नमस्कार केला, मुलगी गुणी आहे वगैरे. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन. आता हे कोण? तेव्हापासून माझ्या आईबद्दल तिचं काय मत झालंय देव जाणे.

आणि 'पुरी' म्हणजे पाव!! तंदूरला 'तोने' म्हणतात. बेकरीवाला कमरेपर्यंत आत वाकून भिंतीवर कणीक थापतो, दर वेळी वाटतं आता पडला. होडीसारखी लांब पुरी कागदात गुंडाळून देतात, तिचं टोक घरी पोचेपर्यंत कधीच शिल्लक नसतं.

शारजाकर

आम्ही ईदच्या सुट्टीत चार दिवस. यूएईचा रेसिडेन्स असला की जॉर्जियाला व्हिसा लागत नाही, म्हणून विमानात निम्मे लोक ओळखीचेच. काझबेगीला पोरांनी पहिल्यांदा बर्फ बघितला आणि धाकट्याने लगेच खाल्ला. गंधकाच्या पाण्याच्या हमामात सौ. म्हणाली, एवढे पैसे भरून वज्रेश्वरीच? तिबिलिसी नावच मुळी 'तिबिली' म्हणजे कोमट यावरून आलंय.

कांदेबटाटे

शाकाहारी लोकांचं काय होतं तिकडे? पुढच्या महिन्यात जातोय, सासूबाई सोबत आहेत.

तिसरा_मजला

@कांदेबटाटे, 'सामार्ख्वो' एवढा एक शब्द पाठ करा. म्हणजे चर्चच्या उपवासाचं. त्यात दूध, अंडं, मांस काही नसतं. लोबियो (राजमाच तो), अक्रोड लावलेला पालक, वांगी. सासूबाईंना उपवासाला राजमा कसा चालतो ते समजावणं तुमच्याकडे :)

नाना_ओझरकर

आमच्या वेळी हा सगळा एकच देश होता, सोव्हिएत युनियन. १९८४ साली कारखान्याच्या कामासाठी तिबिलिसीला सात आठवडे होतो. मिग-२१ चं दोन सीटचं प्रशिक्षणाचं विमान तिथे बनत असे. शनिवारी रात्री गाडीत बसायचं, सकाळी येरेवान. ना शिक्का, ना प्रश्न. आमच्या विभागात जॉर्जियन, आर्मेनियन, अझरी तिघेही होते, एकाच टेबलावर जेवत. भांडण व्हायचं ते दोल्मा कोणाचा यावरून. आर्मेनियन 'तोल्मा' म्हणणार, अझरी 'दोल्मा', आणि दोघं माझ्याकडे न्याय मागणार. मी माळकरी, आत खिमा, मी काय सांगू?

त्यांच्या मेजवानीत 'तामादा' असतो, तो एकेक विषय काढून पेला उचलायला लावतो. आई, मृत माणसं, पाहुणे. दारू नको म्हटल्यावर मला तारखुन नावाचं हिरवंगार सरबत दिलं. त्यावर मी सतरा वेळा पेला उचलला. रात्रभर झोप नाही, साखरेमुळे.

राज कपूरचं नाव तर हवालदारालाही ठाऊक होतं.

पेठेतला

नाना, सतरा मोजलेत म्हणजे शुद्धीत होतात हे मान्य.

खडीसाखर

दोल्मा म्हणजे द्राक्षाच्या पानातला ना? अळूवडीची मावसबहीण. नाशिकहून पानं मागवून करून बघावं म्हणते, आत डाळ-तांदूळ घालून.

द्राक्षवाला

ताई, थांबा. आमच्या बागेची पानं कोणी फुकट दिली तरी खाऊ नका. मोरचूद, गंधक, कायकाय मारलेलं असतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर कोवळी फूट येते, ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून फवारणीआधी ती तोडून घ्या. नाहीतर परसात एक वेल लावा.

जॉर्जियाला मी द्राक्षांसाठीच गेलो होतो, काखेतीला. आठ हजार वर्षांपूर्वी जॉर्जियात वाइन करत होते, मडक्यांत पुरावे मिळालेत. अजून मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यात करतात. क्वेव्री म्हणतात. रांजण धुवायला माणूस आत उतरतो. आमच्याकडे स्टीलच्या टाक्या बघून त्यांचा एक म्हातारा येऊन काय म्हणेल याची कल्पना करतोय.

भोज्जा

माझं २०२५ मध्ये बाकूचं तिकीट होतं, मे महिन्यात अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून सगळ्यांनी रद्द केलं तसं मीपण केलं. पैसे अजून अडकलेत. तिकडे पिनाका रॉकेटं आर्मेनियाला आपणच विकतोय, तेही पुण्यात पाषाणला तयार झालेलं डिझाइन, म्हणजे...

सावली_दुपारची

@भोज्जा, राजकारणाला वेगळा धागा काढा ना प्लीज. इथे खाण्यावर नि माणसांवर राहू दे.

भोज्जा

बरं. तिकिटाच्या पैशांबद्दल बोललं तर चालेल?

पेठेतला

बाकूजवळ सुराखानीला आतेशगाह आहे, तिथे गेलाय का कोणी? अग्नीचं देऊळ, मध्ये ज्वाला, भोवती यात्रेकरूंच्या खोल्या. एका दारावर चक्क देवनागरीत 'श्री गणेशाय नमः', खाली संवत १८०२. म्हणजे १७४५ च्या आसपास. आमचा गाइड कळवळून सांगत होता की कोणालाच वाचता येत नाही. मी मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने ते फोनवर रेकॉर्ड करून घेतलं, परत म्हणा, हळू म्हणा. ज्वाला मात्र नळाच्या गॅसवर आहे, मूळची १९६९ मध्येच विझली.

तिथला चहा आवडला. कंबर असलेल्या छोट्या पेल्यात, सोबत वाटीत मुरब्बा. साखर घालायची नाही, मुरब्बा तोंडात ठेवून वरून चहा. आमच्या आज्जीचा मोरावळा तिकडे रांगेत उभा राहिला असता.

रानजाई

सादाख्लोबद्दल लिहायचं होतं. जॉर्जियातलं सीमेवरचं गाव, वस्ती अझरी, पलीकडे आर्मेनिया. काराबाखच्या पहिल्या युद्धानंतर १९९० च्या दशकात तिथे मोठा बाजार भरायचा आणि आर्मेनियन-अझरी एकमेकांना माल विकायचे. देशांचं बोलणं बंद, पण कांद्याचा भाव ठरतोय. पुढे तो बंद पडला. आमच्या ड्रायव्हरची आई तिथे बसायची. 'त्यांच्या'तली एक गिऱ्हाईक दर आठवड्याला यायची, तिचा अजून विषय काढते म्हणाला. (मुलगा उठला, नंतर लिहिते)

कांदेबटाटे

अरारात येरेवानहून खरंच दिसतो का? फोटोत मोठा वाटतो.

सावली_दुपारची

दिसतो म्हणजे, खिडकीत बसलेला असतो. ५१३७ मीटर. यांच्या राजचिन्हावर तोच, पण डोंगर तुर्कस्तानात, आणि ती सीमाही १९९३ पासून बंद. आजी सकाळी त्याच्याकडे पाठ करून कॉफी प्यायची. म्हणायची, माझा समुद्र हरवलाय, डोंगराचं काय घेऊन बसलात.

खडीसाखर

सावली, आजीशी बोलणं होतं का गं अजून?

सावली_दुपारची

नवीन वर्षाला फोन करते. २०२० च्या काराबाखच्या ४४ दिवसांच्या युद्धात तिचा नातू सैन्यात होता, तेव्हा रोज. तो परत आला. गेल्या वर्षी विचारत होती, यंदा झाडाला फळ कसं आहे, बाकूच्या वाऱ्याने खाली पडतात ना सगळ्या.

म्हटलं, पडतात, पण मुलं वेचून खातात.

कांदेबटाटे

त्केमाली (ती जॉर्जियन आंबट चटणी) कशाची करतात? इथे करवंदांची जमेल का?

तिसरा_मजला

आंबट आलुबुखार लागतो, लसूण, कोथिंबीर, मिरची. करवंदाचा चीक आधी काढा. करून बघा नि फोटो टाका.