‘आनंदी देश’ म्हणावे की ‘सुखी देश’?

विचारणा

दरवर्षी २० मार्चच्या आसपास ‘वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट’ हा देशांची क्रमवारी लावणारा अहवाल निघतो आणि वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते : फिनलंड पुन्हा जगातील सर्वांत आनंदी देश. २०१८ ते २०२५ अशी सलग आठ वर्षे तो पहिला आहे आणि डेन्मार्क, आइसलंड, स्वीडन, नॉर्वे ही त्याची शेजारी राष्ट्रे पहिल्या दहांतून हलत नाहीत. बातमी वाचून बहुतेकांना नवल वाटते ते हवामानाचे. डिसेंबरात हेल्सिंकीला जेमतेम सहा तास उजेड असतो आणि देशाच्या अगदी उत्तर टोकाला पन्नासेक दिवस सूर्य उगवतच नाही. शिवाय तेथील माणसे अबोल म्हणून प्रसिद्ध आहेत. मग ती आनंदी कशी? माझी शंका मात्र याच्या अलीकडची आहे. ‘आनंदी’ म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर जो हसतमुख, उत्साही मनुष्य उभा राहतो, तोच या अहवालात मोजला जातो काय? नसल्यास ‘आनंद’, ‘सुख’ आणि ‘समाधान’ यांपैकी कोणता शब्द येथे नेमका ठरेल?

पहिला प्रतिसाद

सर्वेक्षणातील मूळ प्रश्न पाहिला की शंकेचे निम्मे निरसन होते. गॅलप ही संस्था दरवर्षी बहुतेक देशांत प्रत्येकी सुमारे एक हजार लोकांना असे विचारते : एक शिडी डोळ्यांसमोर आणा, तिच्या पायऱ्यांना तळापासून वरपर्यंत ० ते १० असे क्रमांक आहेत, सर्वांत वरची पायरी म्हणजे तुमच्या मते तुम्हाला लाभू शकेल असे उत्तमात उत्तम आयुष्य आणि सर्वांत खालची म्हणजे वाईटात वाईट, तर सध्या तुम्ही कितव्या पायरीवर आहात? ही शिडी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅन्ट्रिल यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. तिच्यावरील तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढली जाते आणि देशांचा क्रम तेवढ्यावरच लागतो. दरडोई उत्पन्न, निरोगी आयुर्मान, भ्रष्टाचाराविषयीचे मत वगैरे ज्या सहा गोष्टी बातम्यांत छापून येतात, त्या क्रम लावण्यासाठी नसून लागलेल्या क्रमाची कारणे शोधण्यासाठी आहेत; हा फरक पुष्कळ बातमीदार गाळतात.

या प्रश्नात आनंद हा शब्दच नाही. काल तुम्ही हसलात काय, काल तुम्हाला एखाद्या गोष्टीत मजा वाटली काय, हे प्रश्न त्याच सर्वेक्षणात वेगळे विचारले जातात आणि त्यांच्या उत्तरांत पॅराग्वे, पनामा यांसारखी लॅटिन अमेरिकेतील राष्ट्रे वर्षानुवर्षे आघाडीवर दिसतात. ‘आनंदी’ हे विशेषण द्यायचेच असेल तर ते त्यांना द्यावे. फिनलंडने मिळवलेला क्रमांक वेगळ्या परीक्षेतला आहे.

आता आपल्या शब्दांकडे वळू. मराठीत आनंद ‘होतो’, ‘वाटतो’, ‘मावेनासा होतो’. तो प्रसंगाने येतो आणि प्रसंगाबरोबर ओसरतो. आध्यात्मिक ग्रंथांतील आनंद अर्थातच याहून वेगळा आणि स्थिर आहे, परंतु बातमीच्या मथळ्यात तो कोणालाही अभिप्रेत नसतो. उलट ‘मुलगी सासरी सुखी आहे’ असे एखादी आई सांगते तेव्हा ती मुलीच्या चेहऱ्यावरील हसण्याविषयी बोलत नसते. घरात खाण्यापिण्याची ददात नाही, माणसे जाच करीत नाहीत, दुखलेखुपले तर पाहणारे कोणी आहे, अशा पाच-सहा बाबींचा हिशेब करून तिने दिलेला तो निकाल असतो. मुलगी स्वभावाने गंभीर असली, तरी तो निकाल बदलत नाही. कॅन्ट्रिलची शिडी हेच करते, फरक इतकाच की तेथे ज्याचे आयुष्य त्यानेच निकाल द्यायचा असतो.

‘सुख’पासून झालेले आपले रोजच्या वापरातील शब्द पाहिले तर हा मुद्दा आणखी ठळक होतो. ‘सुखवस्तू’ म्हणजे खाऊनपिऊन बरे असलेले घर. ‘सुखरूप’ म्हणजे धोक्यातून निभावून नीट असलेला. प्रवासाला गेलेला माणूस सुखरूप पोहोचतो, बाळंतीण सुखरूप सुटते. ‘सुखसोयी’ तर नगरपालिकेच्या जाहीरनाम्यातही सापडतात. संस्कृतात या शब्दाची एक पारंपरिक व्युत्पत्ती ‘सु’ आणि ‘ख’ अशी सांगतात, ‘ख’ म्हणजे चाकाच्या तुंब्यातील आसाचे भोक. ऋग्वेदात ‘सुख’ हे रथाचे विशेषण म्हणून येते, म्हणजे न खडखडता चालणारा. दुसरे मत असे की तो ‘सुस्थ’ या शब्दाचा प्राकृत वळणाचा अवशेष असावा. कोणतेही मत धरले, तरी अर्थ मनाच्या उसळीकडे न जाता नीट बसलेल्या, नीट चालणाऱ्या गोष्टीकडेच जातो.

शब्द बदलला की प्रश्नही बदलतो. ‘अंधारात हे लोक आनंदी कसे’ याला उत्तर सापडत नाही. ‘हे लोक सुखरूप आणि सुखवस्तू कसे’ याला मात्र भरपूर सापडते. फिनलंडमध्ये १९३८ पासून गरजू गर्भवतींना आणि १९४९ पासून सर्वच गर्भवतींना सरकारकडून एक पुठ्ठ्याची पेटी मिळते. तीत बाळाचे कपडे, झबली, थंडीतले पांघरूण असते, तळाशी लहानशी गादी असते, आणि पेटी रिकामी केली की तीच बाळाचा पहिला बिछाना होऊ शकते. श्रीमंताच्या आणि मजुराच्या घरी पेटी एकच जाते, हे विशेष. १९४८ पासून प्रत्येक शाळकरी मुलाला दुपारचे गरम जेवण फुकट मिळते. आजारपण, बेकारी, म्हातारपण यांपैकी कशामुळेही माणूस शिडीच्या तळाशी कोसळणार नाही, अशी तजवीज करांच्या पैशातून झालेली आहे, आणि ते कर भलतेच जड आहेत हेही सांगितले पाहिजे.

हवामानाच्या बाबतीत एवढे पुरे की माणूस ज्या हवेत वाढतो तिला सरावतो. २०२० च्या अहवालात फिनलंड, डेन्मार्क वगैरे उत्तर युरोपातील देशांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात हवामान, लहान लोकसंख्या आणि लोकांचा एकजिनसीपणा ही नेहमीची कारणे तपासून बाजूला सारली आहेत. २०१८ च्या अहवालाने तर परदेशातून येऊन स्थायिक झालेल्यांची उत्तरे वेगळी काढून पाहिली, आणि त्या यादीतही फिनलंडच पहिला आला. बाहेरून आलेला माणूसही तेथे गेल्यावर शिडीच्या वरच्या पायऱ्या सांगू लागत असेल, तर कारण रक्तात किंवा स्वभावात शोधण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटण्यासारखे आहे, तरी माझे मत ‘समाधानी’ या शब्दाच्या बाजूने पडते. स्वतःच्या आयुष्याकडे पाहून माणूस जे मनातल्या मनात म्हणतो, ते समाधान होय. हिंदीत ‘समाधान’ म्हणजे समस्येची उकल; मराठीत तो अर्थ ‘शंकासमाधान’ यासारख्या शब्दात उरला आहे आणि एरवी तृप्तीचा अर्थ पक्का झाला आहे. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान’ ही तुकारामांची ओळ तर मराठी माणसाच्या जिभेवर आहे. डॅनिश भाषेत समाधानी माणसाला ‘तिल्फ्रेस’ म्हणतात. त्या शब्दाच्या पोटात शांततेचा वाचक असलेला ‘फ्रेड’ आहे; तात्पर्य, ज्याचे मन शांतीला आले आहे तो. हा शब्द आपल्या ‘समाधानी’च्या किती जवळचा आहे!

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

डॅनिश शब्दाचे साम्य मान्य. तथापि आपण दिलेल्या ओळीतच ‘समाधानी’ची अडचण आहे. मराठीत समाधान बहुधा परिस्थिती आहे तशी स्वीकारण्याशी बांधलेले असते. ‘आहे त्यात समाधान माना’ हा उपदेश ज्याला काही मिळालेले नसते त्यालाच केला जातो. झोपडीतला माणूस समाधानी असू शकतो, असे आपण कौतुकाने म्हणतो, परंतु तो सुखी आहे असे म्हणताना जीभ अडखळते. उत्तरेकडील लोकांनी आहे त्यात समाधान मानले, असा त्यांचा इतिहास सांगत नाही. कामगार संघटना, संप, स्त्रियांची आंदोलने यांतून त्यांनी रजा, वेतन आणि पाळणाघरे मिळवली आहेत. आइसलंडमधील स्त्रियांनी २४ ऑक्टोबर १९७५ रोजी एक दिवस घरातले आणि कार्यालयातले सगळे काम बंद ठेवले होते. त्या दिवशी समाधान मानण्याचा विचार त्यांच्यापैकी कोणाच्या मनात असेल असे वाटत नाही.

तरीही आपल्या मताला आधार देणारा एक लेख २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला होता, हे नमूद करतो. डेन्मार्कचे लोक युरोपात वर्षानुवर्षे सर्वाधिक समाधानी का ठरतात याचा त्यात थोडा गंभीरपणे आणि बराचसा थट्टेने शोध घेतला होता, आणि ‘येत्या वर्षाकडून त्यांच्या अपेक्षाच कमी असतात’ असा निष्कर्ष काढला होता. अपेक्षांचा वाटा थोडाफार असेलही. मात्र अपेक्षा कमी आणि परिस्थितीही वाईट असलेले देश शिडीवर वर आलेले दिसत नाहीत.

तिसरा प्रतिसाद

चर्चा उत्तरेकडील शब्दांपर्यंत आलीच आहे म्हणून थोडी भर घालतो. फिनिश भाषेत ‘ओन्नी’ म्हणजे सुखही आणि नशीबही. डॅनिश आणि नॉर्वेजियन ‘ल्युके’ व स्वीडिश ‘ल्युका’ यांचेही तसेच; परीक्षेला निघालेल्या मुलाला स्वीडिश आई शुभेच्छा देते ती याच शब्दाने. म्हणजे सुखी माणूस तो, ज्याचे दैव चांगले. आपल्याकडे ही छटा ‘सुखी’त नाही, ती ‘भाग्यवान’ किंवा ‘नशीबवान’मध्ये आहे. ‘ओन्नी’पासून झालेले ‘ओन्नेलिनेन’ हे विशेषण फिनिश माणूस स्वतःला लावताना बिचकतो. तो ‘त्यूत्यवाइनेन’ म्हणतो, म्हणजे ठीक चालले आहे, तक्रार नाही. जगाने आपल्याला सर्वांत आनंदी ठरवले, याचे सर्वाधिक आश्चर्य फिनलंडमध्येच होते, असे जे सांगतात त्याचा उलगडा बहुधा येथे आहे.

‘ह्युगे’ आणि ‘लागोम’ या शब्दांवर गेल्या दहा वर्षांत जगभर पुस्तकांचा नुसता पाऊस पडला. पहिला डॅनिश, अर्थ साधारण ‘चार जवळच्या माणसांतला उबदार निवांतपणा’. दुसरा स्वीडिश, अर्थ ‘बेताचे’. मेणबत्ती लावून ह्युगे साधतो असे दुकानदार सांगतात. उद्या नोकरी गेली तर काय, ही धास्ती मेणबत्तीने जात नाही.

परस्परविश्वासाचा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. रीडर्स डायजेस्ट या मासिकाने २०१३ साली १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटे मुद्दाम रस्त्यात, बागेत, दुकानांजवळ टाकून पाहिली. पाकिटात ५० डॉलरच्या तोडीची स्थानिक रक्कम, एक कौटुंबिक छायाचित्र आणि मोबाइल क्रमांक होता. हेल्सिंकीत १२ पैकी ११ परत आली. दुसरा क्रमांक मुंबईचा, १२ पैकी ९. लिस्बनमध्ये अवघे एक. मुंबईकरांची ही पाकिटे पाहता आपण लोक म्हणून वाईट नाही, आणि तरीही २०२५ च्या यादीत भारत ११८ वा आहे. ही यादी देणाऱ्या २०२५ च्या अहवालातच एक मार्मिक निरीक्षण आहे : पाकीट परत मिळेल, असा भरवसा वाटणे हेच माणसाच्या सुखाशी घट्ट निगडित आहे, आणि जगभर लोक हा भरवसा प्रत्यक्षाहून कमीच ठेवतात. भरवसा हा शब्द सुखाच्या व्याख्येत घ्यावा, अशी माझी सूचना आहे.

मूळ प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. ‘सुखी देश’ हा शब्दप्रयोग मला आता अधिक नेमका वाटतो. हिंदी वर्तमानपत्रे ‘खुशहाल देश’ लिहितात आणि तेही अर्थाच्या जवळ जाते. आपल्याकडे त्याच मूळ फारसी शब्दाचा ‘खुशाल’ झाला आणि तो ‘बिनदिक्कत’ या अर्थाकडे सरकला, पत्रातील ‘खुशाली’ तेवढी मूळ अर्थाला धरून राहिली. त्याच घराण्यातला ‘खुशालचेंडू’ मात्र फिनिश माणसाला चुकूनही लावता येणार नाही.

एक उपप्रश्न उरतो. शिडीचा हा प्रश्न मराठीत विचारायचा झाल्यास ‘पायरी’ हा शब्द चालेल काय? ‘पायरी ओळखून वागावे’, ‘त्याने पायरी सोडली’ या प्रयोगांत पायरी म्हणजे समाजातील दर्जा.

पहिला प्रतिसादक

अडचण खरी आहे, आणि ती केवळ मराठीची नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधील लोकांना या प्रश्नाचे शब्द बदलून बदलून दिले गेले. शिडीचे चित्र असताना उत्तर देणाऱ्यांच्या मनात पैसा आणि अधिकार यांचे विचार अधिक येतात, आणि शिडी काढून टाकली की ते कमी होतात, असे त्यात आढळले. मराठीत ‘पायरी’मुळे हा कल आणखी वाढण्याचा संभव आहे. ‘दहापैकी किती गुण द्याल’ असे विचारावे, तर परीक्षेची सवय आडवी येते. स्वतःच्या आयुष्याला दहापैकी दहा देणे हे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटेल आणि सहा देणारा आपण पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो असे समजेल. माझ्या मते पायरी आणि गुण हे दोन्ही शब्द टाळून असे विचारावे : ‘तुम्हाला मिळू शकेल असे सर्वांत चांगले आयुष्य म्हणजे १० आणि सर्वांत वाईट म्हणजे ०, असे धरले तर तुमचे सध्याचे आयुष्य कोणत्या आकड्याजवळ आहे?’ वाक्य थोडे लांबते, परंतु खेड्यातील वयस्कर माणसालाही ते तोंडी समजावून सांगता येईल.