मालिका कुठली, आणि ती कुणासोबत बघितली? मराठवाड्यातल्या आठवणींचा धागा

राम राम मंडळी.

परवा सेलूला माहेरी गेले होते. संध्याकाळी आईनं मालिका लावली. आलेल्या पाहुण्यांपैकी एकजण म्हणाले, "काकू, काय बघत बसताव ते रोज रोज! काय मिळतंय त्यातून?" आई काही बोलली नाही, नुसता आवाज कमी केला. मला ते फार लागलं. बहात्तर वर्षांच्या बाईनं स्वतःच्या घरात आवाज का कमी करावा? काय मिळतं ते मला माहीत आहे, तुम्हालाही असणार. म्हणून हा धागा.

मालिकेची गोष्ट लिहू नका, ती सगळ्यांना पाठ आहे. टीव्ही कुणाचा होता, लाइट होती का, शेजारी कोण बसलेलं होतं, ते लिहा.

सुरुवात मी करते. आमची मालिका 'दामिनी'. १९९७ साली दूरदर्शनवर दुपारी लागायची, मराठीतली पहिली रोजची मालिका. आई तेव्हा सेलूजवळच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका होती. एसटीनं घरी यायची, पाय धुवायची आणि टीव्हीसमोर सतरंजीवर रजिस्टरं पसरायची. हजेरी, लेकरांच्या वजनाचे तक्ते, लेकरांना वाटायच्या सुकडीचा हिशोब. जाहिराती लागल्या की लिहायची, दामिनी आली की पेन खाली.

दामिनी पत्रकार होती, खरं लिहायची. त्या वर्षी आईच्या अंगणवाडीत येणारी सुकडीची पोती वजनाला कमी भरत होती आणि सही मात्र पूर्ण वजनावर करा म्हणत होते. एका रात्री आईनं माझ्या विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानावर अर्ज लिहिला. खोडला. परत लिहिला. तिसऱ्यांदा लिहिताना मला म्हणाली, "दामिनी कसं लिव्हते गं, एकदम नीट? तसं वाचून बघ बरं झालंय का." मी सहावीत होते. मी वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. त्या अर्जानंतर पोती तिच्यासमोर मोजून उतरवायला लागले.

दामिनी झालेल्या प्रतीक्षा लोणकर औरंगाबादच्या, तिथल्या 'जिगीषा'च्या नाटकांतून पुढं आलेल्या. हे आईला कळलं तेव्हा ती दोन दिवस सगळ्या गल्लीला सांगत होती, "आपल्याकडची हाय ती पोरगी." वहीतलं अर्जाचं ते पान मी फाडून ठेवलंय, अजून आहे.

आता तुम्ही.

गेवराई तालुका, जि. बीड

आमच्या गावात १९८८ ला एकच टीव्ही, पाटलांच्या वाड्यात. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी सरकत्या दाराचा. रविवारी सकाळी 'महाभारत'. लाइटीचा भरवसा नाही, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची, वायरी जोडायच्या. माझा थोरला भाऊ माळवदावर अँटेना धरून उभा. खालून पोरं वरडायची, "आलं! आलं! थोडं तिकडं... गेलं!" बिचाऱ्यानं सगळा चक्रव्यूह वरूनच ऐकला.

आम्ही मुसलमान. आमचे दादा, म्हणजे आजोबा, निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. पाटील त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची द्यायचे, बाकी सगळे खाली. दादांना दिसायचं कमी. ते डोळे मिटून ऐकत बसायचे. एखादा संवाद आला की मांडीवर हलकेच बोट वाजवायचे. कुणीतरी त्यांना सांगितलं की हे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिलेत. तर दादा म्हणाले, "मला कान सांगत होता. भाषा शुद्ध हिंदी आहे, पण वाक्य ठेवण्याची रीत लखनवी बाजूची आहे." 'समय'चा आवाज सुरू झाला की मात्र ते डोळे उघडायचे. हरीश भिमाणींचा तो आवाज. दादांचं म्हणणं, वेळ बोलत असताना माणसानं डोळे मिटू नयेत.

चौऱ्याण्णव भाग झाले. जून १९९० ला शेवटचा लागला तेव्हा पाटलीणबाईंनी सगळ्यांना शिरा केला होता. पुढच्या रविवारी दादा सवयीनं तयार होऊन ओट्यावर येऊन बसले. ते मला अजून दिसतं.

लातूर

एप्रिल २०१६. सगळ्यांना आठवत असेल. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते साल. पहिली गाडी १२ तारखेला पहाटे आली, दहा डबे, पाच लाख लीटर. लोक स्टेशनवर फोटो काढायला गेले. आमच्या गल्लीत मात्र टँकरची वाट बघणं चालूच होतं, आठ-आठ दिवस.

घागरी आणि ड्रम रांगेत लावून ठेवायचे. ओळखू यावं म्हणून माझ्या घागरीच्या गळ्याला लाल नाडा बांधलेला, शेजारच्या काकूंच्या ड्रमवर ऑइलपेंटनं 'श्री'. सात वाजता 'जय मल्हार', खंडोबाची मालिका, लागायचं. मग एका पोराला रांगेपाशी बसवायचं आणि सगळ्या बाया कोपऱ्यावरच्या घरात. टँकर दिसला की पोरगं "आलंऽऽ" म्हणून बोंब मारायचं. एकदा नेमका बानूचा प्रसंग चालू असताना आला. सगळ्या पळाल्या. त्या घरच्या वहिनीला तेव्हा नववा महिना, तिला रांगेत यायला जमत नव्हतं. तिनं काय केलं, टीव्हीचं टेबल ओढत खिडकीपाशी आणलं, तोंड रस्त्याकडं केलं आणि आवाज मोठा केला. आम्ही पाणी भरत भरत अख्खा भाग ऐकला. तिच्या दोन घागरी आम्हीच भरून दिल्या.

त्या उन्हाळ्यातलं मला चांगलं असं दुसरं काही आठवत नाही.

अणदूर, जि. धाराशिव

लातूरच्या ताईंचं वाचलं म्हणून लिहायलोय. 'जय मल्हार' आमच्याकडं निराळीच गोष्ट होती. आमचा खंडोबा वर्षाचे महिने वाटून अणदूर आणि नळदुर्ग अशा दोन ठिकाणी राहतो, ठरलेल्या दिवशी पालखीत बसून हलतो. त्यामुळं देव घरात येतो-जातो ही आम्हाला नवल वाटायची गोष्ट नाही. आमची आत्या मालिका लागायच्या आधी चपला बाहेर काढून, कपाळाला भंडारा लावून बसायची. देवदत्त नागे पडद्यावर आले की हात जोडायची. म्हाळसेची बाजू घ्यायची की बानूची, यावर आत्या आणि आई तीन वर्षं भांडल्या. आत्या स्वतः सवतीवर दिलेली होती. ती बानूची बाजू घ्यायची. आम्हाला ते उशिरा कळलं.

औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर)

माझे वडील नामांतराच्या चळवळीतले, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून झालेल्या. १९७८ ला ठराव झाला तेव्हा ते मिलिंद महाविद्यालयात शिकत होते, १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं तेव्हा दोन लेकरांचे बाप. मधल्या सोळा वर्षांबद्दल ते फारसं बोलत नाहीत.

२०१९ ला स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली. वडील रिटायर झालेले, गुडघे दुखतात, दिवसभर बनियनवर असतात. मालिकेच्या वेळेला मात्र इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसायचे. आईनं एकदा विचारलं, घरातच तर बसायचंय. ते म्हणाले, "बाबासाहेब येणार आणि मी बनियनवर बसू?"

सागर देशमुखांनी काम फार जीव लावून केलं. पण आमच्या घरी सगळ्यात जास्त रडवलं ते रमाईनं. शिवानी रांगोळे होत्या त्या. लेकरू गेल्याच्या भागानंतर वडील उठून अंगणात गेले. बऱ्याच वेळानं मी गेले तर नळाखाली तोंड धूत होते. त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा मला सांगितलं, आंदोलनात त्यांच्या मित्राचं घर जाळलं होतं, आणि त्या मित्राच्या आईनं राखेतून एक पितळी तांब्या उचलून पदरात घेतला होता. तेवढंच सांगितलं. चाळीस वर्षं मी ही गोष्ट ऐकली नव्हती. मालिका मला त्यासाठी आयुष्यभर प्रिय आहे.

जालना

एक मनातलं बोलू का? 'तुझ्यात जीव रंगला'मध्ये कोल्हापूर, 'लागिरं झालं जी'मध्ये सातारा, 'रात्रीस खेळ चाले'मध्ये मालवणी, 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये राधिका आली तर नागपूरची. सगळ्या मी मनापासून बघितल्या. पण नायिका "मी जायलेय", "तू काय करायलास" असं बोलतेय, असं मला बघायचंय. आमचं "मपलं-तुपलं" कुणी प्रेमात बोलताना ऐकायचंय. आमच्या भागातले मकरंद अनासपुरे, संदीप पाठक यांनी ही बोली सगळ्या महाराष्ट्राच्या कानावर घातली, त्यांचे उपकार आहेत. पण ती हसवण्यासाठी आली. आमच्याकडं लोक ह्याच भाषेत रडतात, लग्नं ठरवतात, मयताला जातात.

*(शंभर टक्के. मालिका लिहिणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना माझी हात जोडून विनंती: एक नायिका परभणीची करा. आम्ही रात्री अकरालासुद्धा बघू.)*

नांदेड

मी परिचारिका. रात्रपाळीला बायकांच्या वॉर्डात 'आई कुठे काय करते' मोबाइलवर लागायची, एका बाईच्या उशाशी, आवाज अगदी बारीक. बाजूच्या खाटेवरची मावशी म्हणायची, "काय म्हणूलाली अरुंधती? जरा सांग की मला." मग ती बाई भाग संपल्यावर तिला सगळा सांगायची. मधुराणी प्रभुलकरांचा चेहरा मावशीनं कधी नीट बघितलाच नव्हता, तिच्या दोन्ही डोळ्यांना पट्टी. पट्टी काढल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं, "अरुंधती कोणती ती दाव."

परभणी, प्राथमिक शिक्षिका

'सावित्रीजोती' कुणी बघितली का? सोनी मराठीवर, २०२० साली. त्या वर्षी शाळा बंद. माझ्या चौथीच्या वर्गातल्या अकरा पोरींच्या घरी टीव्ही होता. मी त्यांना अभ्यास म्हणून रोजचा भाग दिला होता आणि दुसऱ्या दिवशी फोनवर एकेकीला विचारायची. एका पोरीनं मला विचारलं, "बाई, सावित्रीबाईंची शाळा लोकांनी बंद केली नाही, आपली का बंद आहे?" काय उत्तर द्यावं सुचलं नाही. डिसेंबरात प्रेक्षक कमी म्हणून मालिकाच बंद झाली. मला त्याचं आजही वाईट वाटतं. आमच्या अकरा जणी कुठल्याच आकड्यात नसतील.

शिरूर कासार, जि. बीड

हे मी कधी कुठं लिहिलं नाही. माझ्या आई-बापाचा कोयता, म्हणजे दोघं जोडीनं ऊसतोडीला जायचे. २०१९-२० च्या हंगामात टोळी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर भागात होती. मी आठवीत, पण धाकट्या भावाला सांभाळायला शाळा सोडून सोबत गेलेली. शेतात कोपी, म्हणजे झोपडी, खाली पाचट अंथरलेलं.

टोळीत नीट चालणारा मोबाइल एकच, मुकादमाचा. रात्री गाड्या भरून झाल्या की सगळे 'स्वराज्यरक्षक संभाजी' बघायचे. वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, मोळी उभी करायची, तिला मोबाइल टेकवायचा, आणि वीस-बावीस माणसं त्या वितभर पडद्यासमोर. मागच्यांना दिसायचं नाही, ते ऐकायचे. चित्र मधेच अडकायचं. अमोल कोल्हेंचं तोंड उघडं राहायचं आणि आवाज यायचा नाही. कुणी हलायचं नाही तरी. दिवसभर ऊस तोडलेली माणसं, पहाटे चारला परत उठायचं, पण झोपायला कुणी जायचं नाही.

२९ फेब्रुवारीला शेवटचा भाग झाला. बाप्या माणसं पण तोंड फिरवून बसली. मग कुणीतरी म्हणालं, वढू इथून जवळच आहे, राजांची समाधी तिथंच आहे. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. चार दिवसांनी कारखान्यात काही बिघाड झाला, तोड थांबली. मुकादमाला सांगून आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून वढू बुद्रुकला गेलो. आईच्या दोन्ही हातांवर उसाच्या पानांचे चरे होते. तिनं समाधीवर हात ठेवला, तसाच ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "इथं हाईस व्हय राजा. आन् आपून दोन महिनं शेजारीच ऱ्हायलो की."

परत येताना तिनं मला सांगितलं, पुढच्या साली तू येऊ नकोस, शाळंत जा. येसूबाईसारखं समदं वाचता आलं पाहिजे. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इतिहास घेतलाय.

*धागा काढणारीकडून*

आतापर्यंतचं सगळं मी आज आईला फोनवर वाचून दाखवलं. वढूचं ऐकून ती बराच वेळ बोलली नाही. मग तिनं एक निरोप दिलाय, तो लिहिते. 'दामिनी'चा शेवटचा भाग तिचा हुकला होता, त्या दिवशी तालुक्याला मीटिंग होती. ज्यांनी बघितला असेल त्यांनी इथं सविस्तर लिहावा, असं तिचं म्हणणं आहे. गोष्ट सांगू नका हा माझा नियम एवढ्यापुरता मोडा. मी उद्या संध्याकाळी तिला वाचून दाखवीन.