दोघांना एकत्र बांधू नका

आइस हॉकीतल्या एडमंटन ऑइलर्सचे दोन स्टार फॉरवर्ड (आक्रमक), मॅकडेव्हिड आणि ड्रायसाइटल, कायम एकाच फळीत (एकत्र उतरणाऱ्या तिघा आक्रमकांत) हवेत, हे काही पटलं नाही. पिछाडीवर असताना शेवटच्या दहा मिनिटांत आणा की एकत्र! एरवी वेगळे असले तर समोरच्याने आपली चांगली बचाव जोडी कुणामागे लावायची, हा पेच पडतो. पॉवर प्लेची, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाची, गोष्ट निराळी, तिथे दोघे हवेतच. २०२२-२३ मध्ये ऑइलर्सनी ३२.४ टक्के पॉवर प्लेंवर गोल केले, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगचा विक्रम आहे तो. खरं दुखणं तिसऱ्या-चौथ्या फळीचं. सॅलरी कॅपमुळे, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेमुळे, पैसा वरच्या खेळाडूंवरच संपतो, मान्य. मग संघातल्या २३ जणांत आठवा बचावपटू कशाला? त्याऐवजी पेनल्टी किलला, म्हणजे आपला खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना बचावाला, उतरणारा, पायात दम असलेला स्वस्त फॉरवर्ड ठेवा.