शब्दचर्चा : ‘केअरगिव्हर’ला निवेदनात काय लिहावं?

लातूरहून

नमस्कार. आमच्याकडच्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आयाबापांनी मिळून खासदारांना निवेदन द्यायचं ठरवलंय. तपासणी, थेरपी, शाळा यांची जिल्ह्यात काय सोय आहे आणि या मुलांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी सरकार काय करतं, हे त्यांनी लोकसभेत विचारावं, एवढीच मागणी. मसुदा माझ्याकडं आलाय.

‘केअरगिव्हर’ला ‘काळजीवाहू व्यक्ती’ लिहिलं, ते बैठकीत दोघातिघांना पटलं नाही. ‘पालक’ लिहावं तर आज्या, मावश्या, मोठ्या बहिणी बाहेर राहतात. इंग्रजी शब्द तसाच ठेवावा तर ज्या बायांच्या सह्या घ्यायच्यात त्यांनाच तो आपला वाटणार नाही. आणि सरकारचं काम तपासून पाहायच्या ‘स्क्रुटिनी’ला काय? छाननी, आढावा की चौकशी?

परभणीहून

ताई, ‘काळजीवाहू’ अर्थानं चूक नाही, पण वापरून वापरून तो सरकारला चिकटलाय. राजीनामा दिलेला मुख्यमंत्री नव्याची शपथ होईपर्यंत काळजीवाहू असतो. तात्पुरता, मोठे निर्णय न घेणारा. तुमच्या निवेदनातल्या आईला यातलं काहीच लागू होत नाही. ‘काळजीवाहक’चीही अडचण आहे. दिव्यांगांच्या निवासी शाळांत काळजीवाहक हे पगारी पद असतं. निवेदन वाचणारा कारकून तुम्ही पदभरतीच मागताय असं समजेल.

कायद्याचा आधार घ्या. दिव्यांगजन हक्क कायदा 2016 मध्ये कलम 2 खाली केअरगिव्हरची व्याख्या आहे. तिचा आशय असा : आईवडील आणि कुटुंबातल्या इतरांसह, पैसे घेऊन किंवा न घेता, दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारी, तिला आधार किंवा मदत देणारी कोणतीही व्यक्ती. यातलं ‘पैसे न घेता’ अधोरेखित करा. कलम 24 मध्ये ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी केअरगिव्हर भत्त्याचा उल्लेख आहे. मात्र त्याच कलमाच्या सुरुवातीला ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशीही अट आहे, आणि उत्तर देणारे तिथंच बोट ठेवतात.

‘पालक’ टाळायला आणखी एक कारण आहे, ते फार जणांना माहीत नसतं. मूल 18 वर्षांचं झालं की आईवडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडं अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. एकोणीस वर्षांच्या लेकाला अजून स्वतः आंघोळ घालणारी आई असा अर्ज केला नसेल तर कागदावर त्याची पालक नसते. केअरगिव्हर मात्र ती असतेच. म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका.

छत्रपती संभाजीनगरहून

आमच्या शहरात घाटी रुग्णालयाच्या वॉर्डात रुग्णाजवळ थांबणाऱ्याला उर्दू बोलणारी मंडळी ‘तीमारदार’ म्हणतात, कामाला ‘तीमारदारी’. शब्द नेमका आणि मायेचाही आहे. पण तीमारदारी आजाऱ्याची असते. स्वमग्नता हा आजार नाही, हे लोकांना पटवण्यात आमची निम्मी ताकद जाते. ‘शुश्रूषा’लाही हीच हरकत.

केजहून

मी अशा एका मुलाची मावशी आहे. आमच्याकडं यासाठी एक शब्द आहे, रोजचा आहे, म्हणूनच कुणाच्या ध्यानात येत नाही. तो म्हणजे ‘करणं’. ‘तिनं सासूचं लई केलं.’ ‘बापाचं शेवटपर्यंत लेकीनंच केलं.’ ‘त्या लेकराचं करनारं कोन हाय घरात?’ यात खाऊ घालणं, धुणं, रात्री उठणं, बाहेर पळालं की मागं पळणं, कुणी काही बोललं की ऐकून घेणं, सगळं येतं. कुणाला फोड करून सांगावं लागत नाही.

या क्रियापदाचं नाम करायला गेलं की मात्र घोटाळा होतो. ‘कर्ता’ म्हटलं की कमावणारा माणूस उभा राहतो. घरातला कर्ता गेला तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून दारिद्र्यरेषेखालच्या घराला 20,000 रुपये मिळतात. योजनेच्या अर्जात ‘कर्ता’ आहे. ‘करणारी’ कोणत्या अर्जात आहे? व्यवसायाच्या रकान्यात तिच्यापुढं ‘घरकाम’ लिहितात, नाहीतर ‘काही नाही’. माझ्या बहिणीच्या दाखल्याच्या वेळी तो रकाना एका बाबूनं रिकामाच ठेवला. पोरगं तेव्हा तिच्या पदराचं टोक तोंडात धरून, दोन्ही हातांनी कान झाकून उभं होतं, कारण बाहेर जनरेटर चालू होता. ती त्याच्या कानांवर स्वतःचे हात धरून उत्तरं देत होती.

आमच्या भागातली दुसरी गोष्टही निवेदनात यावी. बीड जिल्ह्यातली माणसं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरासाठी बायको मागं राहिली तर नवरा ‘अर्धा कोयता’ होतो, मुकादम आगाऊ उचलही त्या हिशेबानंच देतो. म्हणजे ‘पैसे न घेता’ सांभाळण्याची किंमत आमच्याकडं रुपयांत मोजलेली आहे, फक्त ती सरकारी हिशेबात नाही. दोघं गेली तर लेकरू आजीपाशी. फडावर न्यावं तर बैलगाड्या, ट्रॅक्टर, उघड्यावरची चूल. बोलता न येणाऱ्या, धोका न कळणाऱ्या लेकराला तिथं कसं ठेवणार? म्हणून ‘आईवडील’ एवढंच लिहू नका. सहा महिने आजीच त्याचं सगळं करते.

नांदेडहून

‘स्वमग्न’बद्दल थोडं. शहरात तो रुळलाय, ठेवा. पण खेड्यात ‘मग्न’ म्हटलं की माणूस भजनात मग्न आहे असं वाटतं, त्यात अडचण दिसतच नाही. लोक म्हणतात ‘आपल्याच नादात असतंय’, ‘हाक मारली तर बघत नाही’, आणि पुढं लगेच ‘बापबी उशिराच बोलला व्हता’. या शेवटच्या वाक्यात कितीतरी लेकरांची वर्षं जातात. निवेदनात ‘स्वमग्नता (ऑटिझम)’ असं एकदा लिहा, पुढं नुसतं स्वमग्नता. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर ऑटिझमच असतं. ‘मतिमंद’ कुठंही येऊ देऊ नका, जुन्या नमुन्यातून उतरवून घेताना तो शब्द हमखास शिरतो.

लातूरहून

केजच्या ताई, तुमचं वाचून बैठकीत पुन्हा सगळ्यांना विचारलं. आता असं लिहिलंय :

‘स्वमग्न व्यक्तीचं घरी राहून, मोबदला न घेता सर्व काही करणारी व्यक्ती, मग ती आई, वडील, आजी, भावंड किंवा अन्य नातलग असो (यापुढे “सांभाळणारी व्यक्ती”).’

व्याख्येत ‘करणारी’ आणि पुढं ‘सांभाळणारी’. ‘सांभाळ’ न्यायालयातही चालतो, घरातही. भत्त्याला ‘सांभाळ भत्ता’ म्हटलंय. गावात संजय गांधी निराधार योजनेच्या पैशाला सगळे ‘निराधारचा पगार’ म्हणतात, म्हणून एकीनं ‘सांभाळणारीचा पगार’ सुचवलं होतं. मला ते मनापासून आवडलं, पण नियमात पगार म्हणजे नोकरी, म्हणून भत्ताच ठेवला. निराधारचे पैसे त्या लेकराचे आहेत आणि भत्ता सांभाळणारीचा, हे दोन वेगळे आहेत असं एक वाक्य घातलंय. छाननीचं राहिलं.

परभणीहून

व्याख्या चांगली झाली. भत्त्याचं दुसरीकडचं उदाहरण हवं असेल तर केरळची ‘आश्वासकिरणम्’ योजना आहे : अंथरुणाला खिळलेल्या आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी महिना 600 रुपये. रक्कम तुटपुंजी आहे, पण पैसे सांभाळणाऱ्या माणसाच्या नावानं आहेत. ब्रिटनमध्ये असा भत्ता 1976 साली सुरू झाला तेव्हा लग्न झालेल्या बायांना तो मिळत नव्हता. त्या तसंही घरीच असतात, हा त्यामागचा समज. आईला सांभाळण्यासाठी नोकरी सोडलेल्या जॅकलिन ड्रेक यांनी दाद मागितली, 1986 साली युरोपीय न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि ती अट गेली. केजच्या ताईंनी सांगितलेला रिकामा रकाना तिथंही होता.

आता छाननी. ‘आढावा’ अधिकारी स्वतःच्या कामाचा घेतात. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याला आढावा बैठक होते आणि ‘कार्यवाही सुरू आहे’वर संपते. ‘चौकशी’ तब्येतीचीही होते आणि अफरातफरीचीही. निवेदनात आली तर अधिकारी बिथरतात. ‘छाननी’ म्हणजे चाळून पाहणं, उमेदवारी अर्जांची होते तशी. तुम्हाला तेच हवंय : कायद्यानं सांगितलं काय आणि जिल्ह्यात झालं काय, हे दुसऱ्या कुणीतरी चाळून पाहावं. संसदेत ते काम खासदारांच्या विभागनिहाय स्थायी समित्या करतात. या समित्या 1993 पासून आहेत, 31 सदस्यांच्या असतात, आणि त्यांच्या शिफारशींवर काय केलं याचा कृती अहवाल सरकारला द्यावा लागतो. दिव्यांगजन हक्कांचं 2014 चं विधेयक सामाजिक न्याय विषयाच्या समितीकडं गेलं होतं. स्वमग्नतेचं नावही नसलेला 1995 चा कायदा मागं पडून दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानणारा 2016 चा कायदा आला तो त्यानंतर. इंग्लंडात स्वमग्नतेपुरता वेगळा कायदा 2009 पासून आहे, आणि 2025 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या एका विशेष समितीनं त्याचीच छाननी केली. कायदा झाल्यावर इतक्या वर्षांनी मागं वळून तपासणं, यासाठी ‘छाननी’च शोभतो. निवेदनात ‘स्थायी समितीनं या कायद्याच्या अंमलबजावणीची छाननी करावी’ असं वेगळं कलम घाला.

प्रश्नाबद्दल एवढंच. लोकसभेतला प्रश्न 150 शब्दांत बसावा लागतो. ‘सरकार प्रयत्न करत आहे का’ असं विचारू नका, त्याला ‘होय’ एवढं उत्तर पुरतं. जिल्ह्याचं नाव घालून आकडे मागा : ऑटिझमचे दाखले किती, तपासणी करणारे तज्ज्ञ किती, सांभाळ भत्ता किती जणांना. तपासणीचा भाग आरोग्य खात्याकडं जाईल, तो वेगळा प्रश्न करा. आणि केंद्राकडून ‘दिव्यांगांना साहाय्य हा राज्यसूचीतला विषय आहे’ असं उत्तर येऊ शकतं. राज्यसूचीत, म्हणजे घटनेतल्या राज्यांच्या विषयांच्या यादीत, नवव्या नोंदीत तो खरंच आहे. म्हणून हेच निवेदन आमदारांनाही द्या. महाराष्ट्रात 2022 च्या डिसेंबरपासून दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्र आहे, तेव्हा ‘हे आमच्या खात्याकडं नाही’ असं तिथं म्हणता येणार नाही.