खलनायकाला टाळ्या पडतात, त्या थांबवायच्या कुठे?

कोर्टनाका_कट्टा

ठाण्यातल्या हौशी गटासाठी ४५ मिनिटांची एकांकिका आहे. विषय पुनर्विकास. नौपाड्यातली जुनी इमारत, २४ सभासद. खलनायक सोसायटीचा सेक्रेटरी दळवी. बिल्डरशी त्याचं आतून ठरलेलं आहे आणि त्या बदल्यात त्याने करारातून बँक गॅरंटीचं (बिल्डर बुडाला तर सभासदांना बँकेकडून पैसे मिळण्याचं) कलम गाळलंय. त्याला ५१ टक्के, म्हणजे १३ सह्या हव्यात. हातात ९ आहेत. विरोधात तिसऱ्या मजल्यावरच्या भागीरथी काकू, वय ७८. तेरावी सही तो काकूंची फसवून घेतो.

वाचनाला सगळे दळवीच्या बाजूने. तिसाव्या मिनिटापर्यंत मला तेच हवंय, पण पुढेही कोणी त्याची साथ सोडत नाही. उलट काकूंवरच चिडतात, "करून टाक ना सही, बाई!" विचारायचं ते असं:
१) दळवीच्या बालपणाचा ४ मिनिटांचा फ्लॅशबॅक आहे (वडिलांची चाळीतली खोली जाते). ठेवू का?
२) प्रेक्षक त्याच्यापासून तोडायचे कसे आणि कधी?
३) काकू कंटाळवाण्या होतायत. काय करू?

विंगेतला

फ्लॅशबॅक काढा. चार मिनिटं म्हणजे तुमच्या एकांकिकेचा जवळजवळ अकरावा हिस्सा, आणि तो एका गैरसमजावर खर्च होतोय. खलनायकाची दया येते म्हणून प्रेक्षक त्याच्या बाजूला जातो, असं नाही. त्याचं काम अर्धवट असतं म्हणून जातो. ९ सह्या झाल्यात, ४ बाकी आहेत, हे एकदा कळलं की सभागृहातला प्रत्येक जण मनात मोजायला लागतो. दहावी आली, अकरावी आली. मोजणारा माणूस नीतीचा विचार करत नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण हिचकॉकच्या १९६०च्या 'सायको'त आहे. खून झाल्यावर मोटेलवाला नॉर्मन न्हाणीघर पुसतो, प्रेत गाडीच्या डिकीत घालतो आणि गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडता बुडता मध्येच थांबते. त्या दोन-तीन सेकंदांत बघणाऱ्याला वाटतं, बुड एकदाची! नॉर्मनच्या बालपणाबद्दल तोवर दोन-चार वाक्यंच कानावर पडलेली असतात. फक्त पुसापुशी सविस्तर दाखवलेली असते.

तेव्हा ती ४ मिनिटं दळवीच्या कामाला द्या. फाइल कशी लावतो, कुणाकडे किती वाजता जातो, कुणाला कार्पेट एरिया सांगतो आणि कुणाला फक्त पार्किंग. पहिल्या मजल्यावरच्या जोडप्यापुढे भाड्याचा आकडा, दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांपुढे लिफ्ट. माणूस आपल्या धंद्यात तरबेज दिसला की तो आवडतोच. 'तो मी नव्हेच'चा लखोबा लोखंडे १९६२पासून लोकांना आवडत आला तो काय दयेपोटी? पणशीकर एकाच नाटकात पाच भूमिका करायचे, फिरता रंगमंच होता, वेषांतरं झटपट व्हायची. लोक त्या कसबावर फिदा होते. आणि अत्र्यांनी नाटक कोर्टात ठेवलं, ही खरी मेख. फसवणुकीमागून फसलेली माणसं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहतात. मजा आणि तिचं बिल दोन्ही एकाच नाटकात हातात पडतं. तुमच्याकडे मजा आहे, बिल येतच नाही.

(ठाण्याची गंमत बघा. एक नाट्यगृह गडकऱ्यांच्या नावाचं, ज्यांनी तळीराम आणि घनश्याम लिहिले. दुसरं घाणेकरांच्या नावाचं, ज्यांना लोकांनी लाल्या म्हणून डोक्यावर घेतलं. आपल्या गावाने खलनायकी बाजूलाच मोठी जागा दिलीय.)

उलवेकर

फ्लॅशबॅकबद्दल असहमत. 'बाजीगर' (१९९३) सूडाच्या पूर्वकथेवरच तर उभा आहे.

विंगेतला

उभा आहे, पण क्रम बघा. नायक मुलीला गच्चीवरून आधी ढकलतो आणि कारण नंतर कळतं. तोवर प्रेक्षक हबकलेला असूनही त्याच्यामागे चालत आलेला असतो. कारण आधी दिलं असतं तर ते वकिलाचं निवेदन झालं असतं. दळवीच्या वडिलांची खोली ठेवायचीच असेल तर एका वाक्यात आणि अगदी शेवटी ठेवा, तेही दुसऱ्या कुणाच्या तोंडी. दळवी स्वतः बोलला की रडगाणं झालं.

सहकार_वाचक

नाट्याआधी नियम दुरुस्त करा, नाहीतर ठाण्याच्या प्रेक्षकात निदान दहा जण सोसायटीच्या कमिटीवरचे असतील आणि तिथेच तुमचा दळवी पडेल. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचा ४ जुलै २०१९चा शासन निर्णय आहे. घरोघर फिरून १३ सह्या झाल्या की झालं, असं नसतं. विशेष सर्वसाधारण सभा लागते आणि तिला गणपूर्ती लागते एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश. २४ सभासद म्हणजे १६ जण हजर. संमती मोजायची ती एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांनी, हजर असलेल्यांच्या नव्हे. २४चे ५१ टक्के १२.२४ होतात, म्हणून १३. हा आकडा तुमचा बरोबर आहे. विकासक निवडण्याच्या सभेला निबंधक कार्यालयाचा प्राधिकृत अधिकारी असतो आणि चित्रीकरण होतं.

म्हणजे दळवीपुढे एक नाही, दोन आकडे आहेत. १३ होकार मिळाले तरी १६ माणसं खुर्चीत बसली नाहीत तर सभा तहकूब.

कोर्टनाका_कट्टा

हे माहीत नव्हतं. म्हणजे विरोधकांनी घरी बसून राहिलं तरी पुरे?

सहकार_वाचक

घरी बसले तर त्या दिवसापुरती सभा अडते. त्यांना खाली आणणं हेच सेक्रेटरीचं काम.

विंगेतला

अहो, मग तुमची एकांकिका इथेच आहे! काकूंची सही नकोच. दळवीकडे १३ होकार आहेत आणि १५ खुर्च्या भरल्यात. सोळावी रिकामी. काकू विरोध म्हणून आल्याच नाहीत. आता दळवी काय करतो? वर जाऊन सांगतो, "काकू, तुम्ही बोललंच पाहिजे. मी दहा मिनिटं राखून ठेवलीत. चित्रीकरण आहे, अधिकारी आहेत, तुमचं म्हणणं रेकॉर्डवर येईल." काकू बाहेरची साडी नेसून खाली येतात, बसतात, आणि बसल्या क्षणी गणपूर्ती होते. तिथे टाळी पडणार. वाजू द्या, अडवू नका.

फसवी सही घेतली असती तर तो नुसता भामटा ठरला असता. इथे त्याने एकही खोटं वाक्य बोललेलं नाही. असा खलनायक जास्त आवडतो आणि नंतर जास्त टोचतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तोडायचं कुठे. त्याच टाळीवर. 'शोले'तल्या गब्बरचा पहिला प्रसंग आठवा. पिस्तुलात सहा गोळ्या, समोर तीन माणसं. तीन गोळ्या हवेत उडवून हिशेब बरोबर करतो, चक्र फिरवतो, तिघांवर एकेकदा चाप ओढतो आणि तिघेही वाचतात. तो हसतो, ते हसतात, टोळी हसते, थिएटरही हसत असतं. आणि मग तो तिघांना गोळ्या घालतो. हसू तोंडावर असतानाच पायाखालचं काढून घेतलं. हसू ओसरल्यावर गोळ्या झाडल्या असत्या तर ती नुसती क्रूर शिक्षा झाली असती.

म्हणून टाळी आणि बिल यांच्यात ब्लॅकआउट घालू नका. ही चूक फार होते. अंधार झाला की प्रेक्षक सुटतो, खोकतो, पाण्याची बाटली उघडतो, आणि उजेड आला की नव्याने बसतो, मोकळ्या मनाने.

ताडपत्री

दिग्दर्शनाच्या बाजूने थोडं.

सोळा खुर्च्या खऱ्या मांडा, प्लास्टिकच्या. पण बसायला १६ नट आणू नका, गर्दीत दळवी हरवेल. पाच-सहा पुरेत, बाकीच्या खुर्च्यांवर माणूस बसल्यागत दळवी बोलतो आणि हजेरीपट मांडत जातो. सोळावी खुर्ची डाउन लेफ्टला (रंगमंचाच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात) एकटी, पहिल्या मिनिटापासून. तिच्याकडे कुणीही बोट दाखवायचं नाही. प्रेक्षक आपोआप बघतो.

दळवीला प्रेक्षकांशी थेट बोलू द्यायचं का, हे आधी ठरवा. दिलं तर फायदा मोठा. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड नाटक उघडतो तोच एकटा येऊन बेत सांगत, आणि पहिल्या पाच मिनिटांत आपण त्याचे भागीदार. 'ऑथेल्लो'तही खलनायक इयागोच्या ओळी ऑथेल्लोपेक्षा जास्त आहेत, त्यातली मोलाची स्वगतं. पण ही सवलत लावली की काढून घ्यायची वेळही ठरवावी लागते. रिचर्ड गादीवर बसल्यावर आपल्याशी पूर्वीसारखा बोलत नाही आणि तिथून तो परका होतो. तुमच्याकडे तीन स्वगतं ठेवा, तिन्ही काकू बसण्याच्या आधी. त्या बसल्यावर दळवीने समोर बघायचंच नाही. सवय लागलेला प्रेक्षक त्याची नजर शोधत राहील.

तालमीत बिघडतं ते हे: नटाला टाळी लागली की दुसऱ्या प्रयोगापासून तो वाक्याआधी थांबायला लागतो. मग दळवी हुशार दिसत नाही, हुशारी दाखवणारा दिसतो. निळू फुले बघा. 'सामना'तल्या हिंदुरावाला आवाज चढवावा लागत नाही. सत्ता आहे त्याला ओरडायची गरज नसते. तुमच्या नटाला पहिली पंधरा मिनिटं हातात काहीतरी काम द्या, पावतीपुस्तक, रबरी शिक्का, काहीही. हात गुंतले की अभिनय उतू जात नाही.

पारसिक_पूर्व

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही.

काकूंवर लोक चिडतात कारण त्यांचं काम एकच: नाही म्हणणं. ज्याला काही हवंय तो पुढे जातो आणि जी अडवते ती रस्त्यातला दगड होते. 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकी मालिकेच्या वेळी हेच झालं. तिच्या गुन्हेगार नायकावर, वॉल्टर व्हाइटवर भाळलेल्या लोकांनी राग काढला तो त्याच्या बायकोच्या पात्रावर, इतका की त्या अभिनेत्रीला २०१३मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहावा लागला. मालिका ६२ भागांची होती, तिला पात्र सावरायला वेळ होता. तुमच्याकडे ४५ मिनिटं आहेत.

उपाय काकूंना अधिक गोड करणं नव्हे. वाती वळणारी, तुळशीला पाणी घालणारी म्हातारी आणाल तर अजून पडेल. त्यांनाही काहीतरी हवं असू दे आणि तेही मोजता येईल असं. उदा. एक कलम गाळलंय हे त्यांनी हेरलंय. मसुद्यात १४ कलमं होती, करारात १३ आहेत. त्या दहा मिनिटांत कोणतं गेलं एवढंच त्यांना विचारायचंय. म्हणजे दोन मोजण्या चालू राहतात, दळवीच्या खुर्च्या आणि काकूंची कलमं. काकू दळवीइतक्याच हुशार हव्यात. 'सामना'त हिंदुरावासमोर लागूंचा मास्तर दारुडा आहे, पण बावळट नाही, म्हणून तो सामना होतो.

आणि टाळीनंतर लगेच बिल: काकू उठून विचारतात, "चौदावं कलम कुठाय?" दळवी घड्याळ बघतो, "काकू, मतदानानंतर." बस्स. हात वर होतात. तेरा. ज्यांनी सोळाव्या खुर्चीला टाळी दिली तेच प्रेक्षक त्या दहा मिनिटांची वाट बघत बसतील, आणि ती मिळणार नाहीत.

विंगेतला

याला जोड. 'घाशीराम कोतवाल' (१९७२) परत वाचा. परगावचा ब्राह्मण, चोरीचा आळ, मार, अपमान. तोवर सभागृह त्याचं. मग तो मुलगी नाना फडणवीसाला देऊन कोतवाली घेतो आणि तरी गाण्यानाचाच्या ओघात आपण वाहत राहतो. तो एकाला तापलेला लोखंडी गोळा हातात धरायला लावून सत्यपरीक्षा घेतो, तिथे येऊन पाय अडखळतो. शेवटी जमाव घाशीरामाला ठेचतो आणि नाना सुखरूप. तेंडुलकर आपल्याला रागाची जागासुद्धा नीट देत नाहीत. म्हणून दळवीला पकडून वगैरे देऊ नका. पोलीस आले की प्रेक्षक सुटला.

कोर्टनाका_कट्टा

सगळ्यांचे आभार. फ्लॅशबॅक गेला. सही गेली, सोळावी खुर्ची आली. शेवट असा करतोय: दीड वर्षाने, इमारत पाडलेली, भाड्याचे चेक थांबलेले. दळवी नव्या भाड्याच्या घरात फोनवर बिल्डरशी बोलतोय आणि त्यालाही कोणी भेटीची वेळ देत नाही. जमेल?

पारसिक_पूर्व

नको. दळवीही फसला म्हटलं की परत त्याचीच दया. त्याचं भाडं वेळेवर येऊ दे. आणि "दीड वर्षाने" यासाठी ब्लॅकआउट लागेल, तो तर वर बाद झालाय.

ताडपत्री

सभेतच संपवा. अधिकारी सही करून जातो, लोक उठतात, दळवी खुर्च्या एकात एक रचायला लागतो. पंधरा रचून होतात. सोळावीवर काकू अजून बसलेल्या, हातात मसुदा. तो थांबतो, हळू म्हणतो, "काकू, खुर्ची."

रचताना खुर्च्यांचा आवाज येऊ द्या, खाली रबर असेल तर काढून टाका. आणि त्या वाक्यावर नटाला अजिबात थांबू देऊ नका.