स्पेक्ट्रम मोकळा करा म्हणणारे नक्की काय मागतायत?

गोंधळलेला_गणू:
बावळट प्रश्न आहे, हसू नका. स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइल, रेडिओ, वायफाय चालतात त्या फ्रिक्वेन्सी, सगळ्यांना खुला करा, धोरण बदला वगैरे बरंच वाचलं. पण लायसन्सच काढून टाकलं तर सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर एकदम बोंबलणार आणि कोणाचंच कोणाला ऐकू जाणार नाही, बरोबर ना? मग सरकारं लिलाव करतात त्यात चुकलं काय? आणि बदला म्हणजे नक्की कोणता नियम बदला, हे कोणी धड सांगतच नाही.

वाकडा_अँटेना:
बावळट कसला, शंभर वर्षं हाच वाद चाललाय. पण हे तू वायफायवरून टाइप केलं असशील तर अर्धं उत्तर तुझ्यासमोरच आहे. 2.4 गिगाहर्ट्झचा बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा पट्टा, मुळात मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या तापवणाऱ्या यंत्रांसाठी ठेवलेला, म्हणजे संपर्काच्या दृष्टीने भंगारच. 1985 साली अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, एफसीसीने, तो आणि आणखी दोन बँड लायसन्सशिवाय वापरायला मोकळे केले, अट एवढीच की ताकद जास्तीत जास्त एक वॅट आणि सिग्नल पसरून पाठवायचा, म्हणजे स्प्रेड स्पेक्ट्रम. वायफायचं पहिलं स्टँडर्ड आलं 1997 ला. मधली बारा वर्षं याचं पुढे काय होणार हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. तेव्हा त्याचा लिलाव केला असता तर घेतला कोणी असता सांग?
आणि खुला म्हणजे कायदाच नाही असं नव्हे. कायदा असतोच, तो माणसाऐवजी यंत्राला लागतो.

टॉवरखालचा:
वायफायचं उदाहरण सगळेच देतात राव. ते चालतं कारण सिग्नल चार भिंतींच्या पुढे फारसा जातच नाही. दाट वस्तीच्या इमारतीत संध्याकाळी 2.4 वर काय कचरा होतो ते बघितलंय ना? मोबाइलचा टॉवर काही किलोमीटर कव्हर करतो, तिथे 'घ्या समजून' चालत नाही. विमानं, रडार, अँब्युलन्स यांच्या फ्रिक्वेन्सीला तर हातच लावू नका. मी ऑपरेटरांची वकिली करत नाहीये, पण ज्याने पैसे ओतून नेटवर्क उभं करायचं त्याला खात्री नको?

वाकडा_अँटेना:
खात्री असू दे की, पण न वापरता अडवून ठेवायची मुभा का? लायसन्स अख्ख्या देशाचं किंवा विभागाचं घ्यायचं आणि टॉवर लावायचे फायद्याच्या भागात, बाकीकडे तो बँड नुसता पडून आणि दुसऱ्याने वापरला तर गुन्हा.

स्थिर_लहर:
दोघंही बरोबर आहात, म्हणूनच मधला रस्ता बघा. अमेरिकेतला सीबीआरएस (सिटिझन्स ब्रॉडबँड रेडिओ सर्व्हिस) बँड, 3550 ते 3700 मेगाहर्ट्झ. तिथे पहिला मान नौदलाच्या रडारला, मग लिलावात घेतलेल्यांना, आणि उरलेलं कोणालाही. कोण कुठे वापरतंय हे एक डेटाबेस सांभाळतो. गंमत म्हणजे लिलावात घेतलेल्याने जिथे यंत्रणा चालू केली नाही तिथे तिसऱ्या गटालाही तो वापरता येतो, वापरा नाहीतर वाटून घ्या. ब्रिटनमध्ये 2019 पासून, मोबाइल कंपनीला दिलेला स्पेक्ट्रम एखाद्या ठिकाणी वापरात नसेल तर दुसऱ्या कोणाला तेवढ्या जागेपुरतं लायसन्स मागता येतं. मेक्सिकोत ओआहाका राज्यातल्या गावांनी, जिथे कंपन्या फिरकतच नव्हत्या, स्वतःचं मोबाइल नेटवर्क उभारलं, आणि 2016 मध्ये तिथल्या आदिवासी समुदायांच्या संस्थेला त्याचं रीतसर लायसन्सही मिळालं.
तर गणू, नियामक मसुदा काढून हरकती मागवतात तेव्हा 'हवा सगळ्यांची' लिहून काही होत नाही. बँड कोणता, किती वॅट, आत वापरायचा का बाहेर, आधीपासून तिथे कोण बसलंय आणि त्याला त्रास होणार नाही हे कशावरून, एवढं लिहा. 6 गिगाहर्ट्झला हेच झालं, तिथे मायक्रोवेव्ह लिंक, म्हणजे टॉवर ते टॉवर बिनतारी जोडण्या, आधीच होत्या, म्हणून 2020 मध्ये अमेरिकेने 1200 मेगाहर्ट्झ मोकळे केले तेव्हा घरातल्या वापराला कमी ताकदीची मर्यादा घातली. युरोपने मात्र 2021 मध्ये फक्त खालचे 480 च दिले, वरच्या भागावर मोबाइलवाल्यांचा डोळा.

गोंधळलेला_गणू:
अच्छा, म्हणजे सगळं खुलं करा असं नाहीच, पडून असलेलं द्या असं आहे. पण 'वापरात नाही' हे ठरवणार कोण? कंपनी तर म्हणणार पुढच्या वर्षी टॉवर लावतोय.

टॉवरखालचा:
म्हणणारच. म्हणून मुदत लायसन्समध्येच लिहून घ्यायची, तोंडी नको. इथे मीही तुमच्या बाजूने.