मे महिन्यापर्यंत बर्फ किती टिकतो, खरं मोजायचं ते हेच!

दादरकर: मुलांच्या सुट्टीत मनालीला जाऊन आलो. रोहतांग खिंडीत, म्हणजे ३९७८ मीटरवर, रस्त्याच्या कडेला होता तो बर्फ काळपट आणि भोकं पडलेला, दहा वर्षांपूर्वी याच दिवसांत दोन्ही बाजूंना माझ्या डोक्याच्या वर भिंती होत्या. हिवाळ्यात किती पडला याच्या बातम्या येतात, पण तो टिकला किती हे कोण विचारतं? काठमांडूची इसिमोड संस्था हेच मोजते, आणि नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ मध्ये हिंदुकुश-हिमालयात बर्फ टिकण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा २३.६ टक्के कमी निघालं, २३ वर्षांतलं सगळ्यात कमी. मला हे बघून खरंच वाईट वाटलं.

सह्यभटका: दादा, आकडा मान्य, पण भिंतींवरून निष्कर्ष काढू नका ना. त्या भिंती बीआरओची, म्हणजे सीमा रस्ते संघटनेची, मशीन रस्ता उघडताना कापते, वाऱ्याने साचलेला बर्फ बाजूला फेकला की उंच दिसणारच. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये एखादा पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून बर्फ-पाऊस घेऊन येणारी हवा, उशिरा आला तर मे पांढरा जातो, नाही आला तर काळा. दोन ट्रिपांमधून काय कळणार! आणि काळा बर्फ म्हणजे वितळतोय असंही नाही, मनालीजवळच्या हाम्प्ता खिंडीच्या ट्रेकला जूनमध्ये नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, जो उरला होता तो सगळा मातीने माखलेलाच होता.

मुलुंडची मावशी: तुम्ही दोघं दोन वेगळ्या बर्फांबद्दल बोलताय रे. ससून डॉकला बर्फाची लादी भुश्यात गाडून ठेवली की टिकते आणि तीच फोडून चुरा केला की बघता बघता पाणी, तसंच आहे हे. नाळेत हिमस्खलनाने येऊन दाबून बसलेला बर्फ जाड, वर दगडमातीचा थर, सावली, तो राहणारच. पण उघड्या उतारावर नुसती धूळ आणि डिझेलची काजळी बसली तर उलटं होतं. ताजा पांढरा बर्फ ८०-९० टक्के ऊन परत फेकतो, काळवंडला की तेच ऊन पितो. म्हणून रस्त्याकडेचा आणि नाळेतला एका मापात धरू नका, आणि उत्तरेकडच्या उतारावर कधीही जास्त दिवस राहतो हेही लक्षात घ्या.

ठाणे ईस्ट: पण आपण एवढी चर्चा का करायची, आपलं पाणी भातसा-तानसाचं, पावसाचं.

दादरकर: अहो आपलं पावसाचं, पण गहू कुठला खातो? पंजाबचा, आणि तिकडे जाणारी बियास रोहतांगलाच उगम पावते. पाऊस यायच्या आधी एप्रिल ते जून तिकडच्या नद्यांना आधार असतो तो हळूहळू वितळणाऱ्या बर्फाचा, तो लवकर गेला तर ऐन गरजेला पाणी कमी. मावशी, भुश्याचं पटलं, भिंतींचं म्हणणं मी मागे घेतो. टिकण्याचं नाही.

सह्यभटका: ते मीही नाकारत नाहीये, पुरावा नीट हवा एवढंच. एकच उतार, एकच तारीख, दरवर्षी एक फोटो, उघड्या उताराचा, रस्त्यापासून लांबचा. माझ्याकडे मनालीजवळच्या सोलंगच्या वरच्या उताराचे तीन वर्षांचे आहेत, सगळे १० जूनच्या आसपासचे. तुमचा जुना फोटो कुठल्या तारखेचा आहे?

दादरकर: जुना अल्बम माळ्यावर आहे, रविवारी काढतो. मागे तारीख लिहिलेली असणार, बायको लिहायचीच.